बिजलीचा पाचवा हिस्सा

मुलगी बघायला आलेल्या माणसाला पगार विचारतात, शेती विचारतात, फारच झालं तर तंबाखू खाता का म्हणून विचारतात. माझ्या सासऱ्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. टोकावड्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच त्यांचं घर. मी आणि आमचे थोरले काका ओटीवर चढलो आणि बसणार, तोच ते उठले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, बाजूने पाहिलं, मागून पाहिलं, आणि आत पोहे होत होते तिकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "शंभराला एक कमी!"

काकांना वाटलं, देण्याघेण्याचं काहीतरी चाललंय. ते सावरून बसले. मला मात्र लगेच उमगलं, कारण बायोडाटात मी वजन ऐंशी लिहिलं होतं. खरं होतं चौऱ्याण्णव. म्हणजे चौदा किलो मी लपवले होते आणि पाच किलो या गृहस्थांनी फुकट चिकटवले होते. झालेला अपमान मनातल्या मनात मोजत मी पोहे खाल्ले. आग्रह झाला म्हणून दुसऱ्यांदाही घेतले. जिला बघायला गेलो होतो ती मनीषा दाराआडून हसत होती, असं तिने पुढे सांगितलं.

गावात माझ्या सासऱ्यांना काटामामा म्हणत. काटा म्हणजे वजनकाटा. बोकड, भोपळा, भाताचं पोतं, बारशाचं बाळ, जे समोर येईल त्याचं वजन सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा बारशाला बाळ हातावर घेऊन म्हणाले, "तीन किलो, आन् वर एक वांगं." अंदाज बरेचदा चुकायचा, पण आवाज कधी खाली आला नाही. चुकलं की ते काट्याला नावं ठेवत. ते स्वतः शंभराच्या किती पुढे होते हे गावात कोणी विचारत नसे. तेच सांगायचे, "माझा अंदाज नका लावू. तेवढा काटाच नाय मुरबाड तालुक्यात."

पोटासाठी भातशेती होती आणि लग्नसराईसाठी बिजली. बिजली म्हणजे त्यांची पांढरी घोडी. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतले नवरदेव तिच्यावर बसून मारुतीला गेलेले. नाव बिजली असलं तरी चाल गावातल्या विजेसारखी होती. आली तर आली, नाहीतर मध्येच थांबली. मामा तिच्या शेजारून लगाम धरून चालायचे, फेटा बांधून, मिशांना पीळ देऊन. कोणी पाहिलं तर लग्न यांचंच आहे असं वाटावं.

साखरपुडा झाला आणि मामांनी मला गोठ्यात नेलं. मला वाटलं, आता अंगठी नाहीतर घड्याळ काढतील. त्यांनी बिजलीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पाव्हणं, एक सांगून ठेवतो. हिच्यावर बसणारा माणूस, जिनासकट, हिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त चालत नाय. मंग तो कुणाचा का नवरा असंना."

हा नियम त्यांना फार महाग पडून मिळाला होता. बिजलीच्या आधी त्यांच्याकडे राणी होती. एका वरातीत थोराड नवरदेव, त्याच्या पुढ्यात दोन पोरं, बाजूला डीजे, आणि नवरदेव बसल्या बसल्या नाचत होता. राणी रस्त्यातच गुडघ्यांवर आली. उठली, पण तिची पाठ गेली ती गेलीच. "तवा मी बोललो नाय," मामा म्हणाले. "यजमान नाराज होतील म्हणून गप ऱ्हायलो. जनावर बोलत नाय आन् मालकही गप. मंग बोलायचा कोण?" एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. लग्नाला चार महिने होते.

आता पाचवा हिस्सा काढायचा तर आधी पूर्ण हिस्सा ठाऊक हवा. मामांचा नजरेचा अंदाज पाच क्विंटलचा. भातगिरणीच्या काट्यावर बिजलीचे पुढचे दोन पायच मावले. हायवेवरच्या ट्रकच्या काट्यावर लोखंडी पत्रा वाजला तशी ती उलटी फिरली आणि मामांना ओढत पार वळणापर्यंत गेली. शेवटी जंताचं औषध द्यायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी घरच्या घरी वजन काढायची रीत सांगितली. पुढच्या पायांच्या मागून, पाठीच्या उंचवट्यावरून छातीचा घेर घ्यायचा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची. घेराला घेराने गुणायचं, लांबीने गुणायचं, आणि एका ठरलेल्या आकड्याने भागायचं. तो आकडा मामांनी गोठ्याच्या खांबावर कोळशाने लिहून ठेवला आणि हिशेबाला मला बोलावलं. मी कल्याणला टाइल्सच्या दुकानात हिशेब बघतो. जावई हिशेबनीस आहे, याचा एवढा एकच उपयोग त्यांना दिसला होता.

मी शिंप्याची टेप घेऊन गेलो. ती बिजलीला पुरली नाही. मग मनीषाच्या शिवणाच्या डब्यातली दुसरी टेप टाचणीने जोडली. घोडीच्या पोटाखालून हात घालताना माझे डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे टेप कुठे पिळली, कुठली बाजू वर आली, हे कळायला मार्ग नव्हता. आकडे वाचले, मोबाईलवर गुणाकार-भागाकार केला आणि आत्मविश्वासाने उत्तर सांगितलं, "पंचवीस किलो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बिजलीनेही मान वळवून पाहिलं.

"पंचवीस?" मामा म्हणाले. "म्हंजे हिला पिशवीत घालून न्यावी काय मी म्हशाच्या जत्रंला?"

मी इंच मोजले होते आणि हिशेब सेंटिमीटरचा होता. मामा माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी नुसतं मनीषाला हाक मारून सांगितलं, "गो, विचार कर अजून. येळ हाय." पण टेप सुलटी करून त्यांनी स्वतः धरली. बिजलीच्या छातीला दुसरा हात लावून ते थांबले. "श्वास सोडू द्यायचा तिला. भरल्या छातीचं वजन खोटं," ते म्हणाले, आणि तिने श्वास सोडला तसा आकडा वाचला. या वेळी उत्तर आलं चारशे तेरा. मामांचे पाच क्विंटल हवेत विरले. घटकाभर त्यांनी टेपेला नावं ठेवली, मग ती गुंडाळली, आणि त्यांचं एक वाक्य तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं, "अंदाज मोठ्यानं सांगावा, टेप गपचूप मानावी."

चारशे तेराचा पाचवा हिस्सा ब्याऐंशी. त्यातून जीन, झूल, घुंगरं यांचे बारा गेले. नवरदेवासाठी उरले सत्तर. मला चोवीस किलो उतरवायचे होते.

मी मनापासून प्रयत्न केला, हे नमूद करतो. दुपारचा डबा अर्धा केला. आसनगावला घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी जाऊ लागलो. त्या वाटेवर वड्याची इतकी चांगली गाडी आहे, हे रिक्षातून जाताना कधी लक्षात आलं नव्हतं. महिन्याभराने वजन केलं तर अर्धा किलो वाढलं होतं. चालल्यामुळे पायांत ताकद आली असेल, अशी मी माझी समजूत काढली.

ही गोष्ट आमच्या थोरल्या काकांच्या कानावर गेली. आमच्या घरात मानपान म्हणजे काका. कोणत्या पाहुण्याला कोणता फेटा, नारळ आधी की टॉवेल आधी, हे सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांनी एका दमात तोड काढली. "अरे, नवरा उतरत नसंल तर घोडी चढव! ती वाढली का तिचा पाचवा हिस्साबी वाढला." आणि दुसऱ्याच आठवड्यात नवऱ्यामुलाकडून व्याह्यांच्या घोडीला म्हणून हरभऱ्याचं पोतं आणि गुळाची ढेप रवाना झाली. मग आणखी एक पोतं गेलं. लग्नाआधी सुनेला साडी पाठवतात, आम्ही घोडीला हरभरा पाठवत होतो. साखर कारखान्याला ऊस घालावा तशा श्रद्धेने काका तो पाठवत. मामांना तो भेटीचा मान वाटला, आणि मान म्हणून ते मूठ मूठ जास्तच घालत राहिले.

लग्नाच्या आठवडाभर आधी पुन्हा टेप लागली. काका स्वतः हजर होते. बिजली चांगली तीस किलोंनी वाढली होती. काकांनी मिशीवरून हात फिरवला. पण त्या तीस किलोंतले माझ्या वाट्याला आले सहा, आणि तेवढ्या मुदतीत मीही तीन किलो पुढे गेलो होतो. एका लग्नाच्या तयारीत नवरदेव आणि घोडी दोघंही सुटली होती.

मामांनी हिशेब ऐकला. मग पोत्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "व्याही, ही चरबी हाय. हिची पाठ हाय तेवढीच हाय. हा वाढलेला भार आधी हिचा हिलाच उचलायचाय. त्यावर तुमचा पोरगा कुठं ठेवू?" त्या दिवसापासून बिजलीचा हरभरा बंद झाला. माझा कोणी बंद केला नाही.

लग्नाच्या दिवशी जानवशाच्या दारात बिजली सजून उभी होती आणि तिच्याशेजारी मामा उभे होते. काका तापले होते. आमच्या घराण्यात नवरा पायी मारुतीला गेलेला नाही, आम्ही मुरबाडहून दुसरी घोडी आणतो, नाहीतर इथूनच परत फिरतो, असं त्यांचं म्हणणं. दोन्हीकडची माणसं गोळा झाली. वाजंत्री थांबली. मामांच्या कपाळावर घाम होता. मुलीचं लग्न दारात थांबलं होतं आणि ते थांबवणारे तेच होते. तरी त्यांनी हात जोडून एवढंच सांगितलं, "आणा दुसरी घोडी. मी अडवणार नाय. पण ती माझ्या दारात आली का तिलाबी टेप लावीन."

तेव्हा मी म्हणालो, "मी चालतो."

लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर त्यात मोठेपणा फार थोडा होता. बिजलीला जवळून मोजल्यापासून तिच्या उंचीची मला धास्ती बसली होती, आणि सत्तर किलोंच्या त्या नियमाने माझी परस्पर सुटका केली होती. मी मुंडावळ्या सांभाळत चालत मारुतीला गेलो. काका माझ्यामागून चार पावलं अंतर ठेवून, ओळख नसल्यासारखे.

संध्याकाळच्या वरातीत मात्र मामांनी मनीषाला बिजलीवर बसवलं. ती जिनासकट पाचव्या हिश्शात आरामात बसत होती. एका बाजूने मामा आणि दुसऱ्या बाजूने लगाम धरून मी. वरातीचे फोटो अजून घरात आहेत. त्यांत नवरी घोडीवर आहे, सासरे रुबाबात आहेत आणि एक जाडसर घोडेवाला आहे. वाटेत एकाने मला बाजूला घेऊन विचारलंही, "मे महिन्यातली तारीख मोकळी हाय का तुमची?"

चालता चालता मी मामांना विचारलं, "तुम्ही बसलात कधी बिजलीवर?"

"मी?" ते आपल्या पोटावर थाप मारून हसले. "हिला आणली तवाच मी नव्वदीत व्हतो. नियम काय फक्त पाव्हण्यांना?" मग थोडं चालून म्हणाले, "टापांचा आवाज सारा जन्म खालनं ऐकलाय. वरनं कसा येतो, तेवढं ठाऊक नाय बघा."

जावई झालो आणि बिजलीची टेप माझ्याकडे आली. जंताचं औषध वजनावर द्यायचं, म्हणून दर काही महिन्यांनी त्याची वेळ झाली की मामांचा फोन यायचा, "जावईबापू, रविवारी या. घोडी मोजायचीय." मी आसनगावहून मोटरसायकलवर जायचो. मामा आधी मोठ्याने अंदाज सांगायचे, मग मी टेप लावायचो, मग ते टेपेला शिव्या द्यायचे, मग आम्ही जेवायचो. जेवण झाल्यावर माझं वजन सांगायचे. "सत्त्याण्णव. वरणाआधी." माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्या रविवारांना मी काय म्हणून जात होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी घोडी मोजायला जातोय असंच समजत होतो.

मग मामांना पोटाचं दुखणं लागलं. उपचारांसाठी आमच्याकडे राहिले, कल्याणला फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी दवाखान्यातल्या काट्यावर उभं राहण्याआधी ते नर्सबाईंना स्वतःचा अंदाज सांगत, मोठ्याने, आणि काटा दर वेळी त्यांच्याहून कमी दाखवी. ते काट्याला नावं ठेवत. मग एकदा त्यांनी काट्याला काहीच म्हटलं नाही, तेव्हा मला भीती वाटली. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. भाताची कापणी संपत आली होती. आम्ही त्यांना टोकावड्याला आणलं.

एका सकाळी ते ओटीवर उन्हात बसले होते. मला म्हणाले, "टेप आणा."

"मामा, औषधाला अजून अवकाश आहे."

"औषधासाठी नाय. मोजा."

बिजलीही म्हातारी झाली होती. लग्नाला जाणं तिने कधीच सोडलं होतं, नुसती गावातून फेरी मारून यायची. मी तिला अंगणात आणून टेप लावली. मामा बसल्या जागेवरून सांगत होते. "श्वास सोडू द्या तिला. सैल धरू नका. दयामाया नको." भागाकार मोबाईलवर लगेच आला, पण मी तो पुन्हा केला. तो चुकावा असं मला वाटत होतं. इतकी वर्षं ज्या हिशेबात मी चुकत आलो होतो, तो त्या दिवशी दोन्ही वेळा बरोबर आला.

"पाचवा हिस्सा?"

"पंचाहत्तर."

"आन् आमी?"

त्यांना ठाऊक होतं. तरी मला म्हणावं लागलं, "एकसष्ट."

"मंग बसतंय!" ते म्हणाले, आणि असे हसले की सासूबाई आतून बाहेर आल्या. त्या हसण्याकडे मला बघवेना. माणूस एवढा झिजला याचं आम्हाला दुःख, आणि त्यांना आनंद की आपण नियमात बसलो. मनीषाने आतून घोंगडी आणून बिजलीच्या पाठीवर घातली. "जीन नको," मामा म्हणाले. "उगाच भार." ओटीच्या कडेला बिजलीला उभं केलं आणि मी मामांना उचललं. एकट्याने. ज्यांच्याभोवती माझे हात पुरत नसत त्या माणसाला मी एकट्याने उचललं, आणि मला रडू आवरलं नाही.

मग लगाम धरून मी चालू लागलो. मनीषा त्यांना बाजूने धरून होती. मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता नवीनच काँक्रीटचा झाला होता, टापा स्वच्छ वाजत होत्या. लोक दारांतून बघत होते, पण कोणी हाक मारली नाही. मामांनी डोळे मिटले होते. फेटा सैल होऊन कानावर आला होता, तो त्यांनी स्वतःच वर सरकवला.

"मामा," मी विचारलं, "कसा येतो आवाज?"

"जरा गप ऱ्हावा, जावईबापू," ते म्हणाले. "ऐकू द्या."

लावणीच्या आधी मामा गेले. बिजली अजून आहे. तिला मोजायला मी अजून रविवारी जातो, आता फोन न येता. टेप लावण्याआधी तिचा अंदाज मोठ्याने सांगायची सवय मलाही लागली आहे, आणि तो चुकतो. मागच्या खेपेला मुरबाडच्या दवाखान्यात माझं स्वतःचं वजन केलं. नव्व्याण्णव भरलं. म्हणजे ओटीवरचा मामांचा तो पहिला अंदाज चुकलेला नव्हता, फक्त जरा लवकर सांगितलेला होता.

मोजून झालं की मी बिजलीला मारुतीपर्यंत फिरवून आणतो. पाचव्या हिश्शात बसायला चोवीस किलोंचा काय तो प्रश्न आहे, पावसाळ्यानंतर मनावर घेणार आहे, असं मी दर वर्षी मनीषाला सांगतो. ती मला वाढते. मी बिजलीच्या शेजारून लगाम धरून चालत राहतो आणि टापांचा आवाज खालूनच ऐकतो.